तापमान आणि अभिक्रियेचा वेग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रसायनशास्त्र शिकवणाऱ्याला हा विषय दरवर्षी नव्याने भेटतो. तापवलं की अभिक्रिया जोरात होते, एवढं सगळ्यांना माहीत असतं. अडतं ते पुढे. इतकी जोरात का? दहा-वीस अंशांनी असा काय फरक पडतो? खालचे प्रश्न वर्गात, परीक्षेआधीच्या शेवटच्या आठवड्यात आणि कधी कधी शास्त्राशी काडीचा संबंध नसलेल्या माणसांनी विचारलेले आहेत. काही उत्तरं दोन ओळींत आटोपली आहेत, काही लांबली आहेत. गोंधळ जिथे जास्त, तिथे मी जास्त रेंगाळलो आहे.

तापमान वाढलं की वेग का वाढतो?

पुस्तकी उत्तर असं: रेणू जोरात पळू लागतात, एकमेकांवर जास्त वेळा आदळतात, म्हणून वेग वाढतो. हे खोटं नाही, पण हिशोब मांडला की तोकडं पडतं.

समजा, २५ अंश सेल्सिअसचं मिश्रण आपण ३५ अंशांवर नेलं, म्हणजे २९८ केल्विनवरून ३०८ वर (सेल्सिअसमध्ये २७३ मिळवले की केल्विन). वायूतल्या रेणूंची सरासरी गती केल्विन तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. या दहा अंशांत ती वाढते जेमतेम १.७ टक्के. टकरीही तेवढ्याच वाढणार. प्रत्यक्षात मात्र पुष्कळशा अभिक्रियांचा वेग याच दहा अंशांत दुप्पट, तिप्पट होतो. दोन टक्क्यांच्या भांडवलावर शंभर टक्के नफा आला कुठून?

टक्कर झाली म्हणजे अभिक्रिया झाली, असं नसतं. अभिक्रियाकारक आणि उत्पादितं यांच्यामध्ये एक घाट असतो. बहुतेक टकरींमध्ये रेणू घाटाच्या पायथ्याशीच आपटून माघारी फिरतात. माथ्यापर्यंत पोचण्याइतकी ऊर्जा असलेल्या टकरी फार म्हणजे फारच थोड्या. घाटाची उंची मोलमागे (मोल म्हणजे रेणूंची एक ठरावीक, प्रचंड मोठी संख्या) ५० किलोज्यूल धरली, तर २५ अंशांना साधारण ५८ कोटी टकरींमागे एक टक्कर त्या ताकदीची निघते. ३५ अंशांना ३० कोटींमागे एक. सरासरी रेणू जवळपास होता तसाच राहिला, पण टोकावरच्या मूठभरांची संख्या मात्र जवळपास दुप्पट झाली. आणि अभिक्रिया चालते ती त्या मूठभरांच्याच जिवावर.

रेणूंमध्ये ऊर्जेची वाटणी अशी विषम असते, हे मॅक्सवेल आणि बोल्ट्झमन यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं. त्या वाटणीच्या आलेखाला उजवीकडे एक लांबलचक शेपूट असतं. तापमान वाढवलं की आलेखाचं पोट थोडंसंच सरकतं, शेपूट मात्र भराभर जाड होतं. हे शेपूट लक्षात ठेवलंत, तर खालच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तुमची तुम्हीच द्याल.

सक्रियण ऊर्जा म्हणजे नेमकं काय?

वर ज्याला घाट म्हटलं, त्याची उंची. नवे बंध जुळण्याआधी जुने बंध ताणावे लागतात, इलेक्ट्रॉनांचे ढग एकमेकांत घुसवावे लागतात, रेणूंना अवघडलेल्या मांडणीतून जावं लागतं. त्या सगळ्याची किंमत म्हणजे सक्रियण ऊर्जा.

ही किंमत नसती तर जग टिकलंच नसतं. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचं मिश्रण खोलीच्या तापमानाला बंद भांड्यात वर्षानुवर्षं गप्प बसून राहतं. पाणी होण्यात ऊर्जेच्या दृष्टीने प्रचंड फायदा असूनही. एक ठिणगी पडली की मात्र स्फोट. लाकूड आणि हवा शेजारीशेजारी सुखाने नांदतात, तेही याच कारणाने. हिऱ्याला तर साध्या दाबाखाली ग्रॅफाइट होणं सोयीचं आहे, पण मधला घाट इतका उंच की कुणाच्या हयातीत त्याचं काही ग्रॅफाइट होत नाही.

तापवल्यावर सक्रियण ऊर्जा कमी होते ना?

नाही. उत्तरपत्रिकेत हे वाक्य इतक्या वेळा दिसतं की आता लाल पेन आपोआप उचललं जातं. तापवल्याने घाट बुटका होत नाही, चढू शकणारे वाढतात. घाटाला बगल देऊन कमी उंचीची दुसरी वाट काढून देतो तो उत्प्रेरक.

दोघांची तुलना करून बघण्यासारखी आहे. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या विघटनाची सक्रियण ऊर्जा मोलमागे सुमारे ७५ किलोज्यूल असते. आयोडाइड आयन घातले की ती ५६ च्या आसपास येते. बाकी सगळं सारखं धरलं, तर २५ अंशांना केवळ या फरकाने वेग दोन हजार पट वाढतो. उत्प्रेरक न घालता नुसतं तापवून तेवढाच वेग हवा असेल, तर द्रावण जवळजवळ १२५ अंशांपर्यंत न्यावं लागेल. कारखानदार उत्प्रेरकांच्या मागे का असतात, ते यावरून कळतं.

दर दहा अंशांना वेग दुप्पट होतो, हा नियम खरा आहे का?

कामचलाऊ आहे. डच रसायनशास्त्रज्ञ व्हान्ट हॉफ यांनी १८८४ मध्ये रासायनिक गतिशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात, दहा अंशांमागे वेग साधारण दोन ते तीन पट होतो, असं निरीक्षण मांडलं होतं. पुढे त्यातले ‘साधारण’ आणि ‘तीन’ गळून पडले आणि ‘दुप्पट’ तेवढं उरलं.

खोलीच्या तापमानाला दहा अंशांत बरोबर दुप्पट व्हायचं असेल, तर सक्रियण ऊर्जा मोलमागे ५३ किलोज्यूल असावी लागते. द्रावणातल्या पुष्कळ ओळखीच्या अभिक्रियांची ती ५० ते १०० च्या दरम्यान असते, म्हणून नियम बऱ्यापैकी चालतो. पण २५ वरून ३५ अंशांवर जाताना २० किलोज्यूलवाल्या अभिक्रियेचा वेग फक्त १.३ पट होतो, १०० वाल्याचा ३.७ पट, आणि २०० वाल्याचा जवळपास १४ पट. घाट जितका उंच, तितका तापमानाचा परिणाम तिखट. हे एक वाक्य त्या दुपटीच्या नियमापेक्षा जास्त कामाचं आहे, असं माझं मत.

दुसरी मेख अशी की हा नियम खोलीच्या तापमानाच्या आसपासचाच आहे. ५० किलोज्यूलवाली तीच अभिक्रिया ७०० केल्विनवरून ७१० वर नेली, तर वेग वाढतो फक्त १३ टक्के. तिथे घाट चढणारे आधीच पुष्कळ असतात, दहा अंशांची नवलाई राहत नाही.

प्रत्यक्ष मोजलेले आकडे हवे असतील तर डायनायट्रोजन पेंटॉक्साइडचं विघटन घ्या. गतिशास्त्राच्या पुस्तकांतलं हे जुनं, पुन्हा पुन्हा मोजलं गेलेलं उदाहरण. सक्रियण ऊर्जा सुमारे १०३ किलोज्यूल. शून्य अंशाला यातला निम्मा पदार्थ संपायला दहा दिवस लागतात. २५ अंशांना साडेपाच तास. ६५ अंशांना अडीच मिनिटंही लागत नाहीत. दहा दिवस आणि अडीच मिनिटं! मधे फक्त ६५ अंश आहेत. दुपटीचा नियम इथे लावला असता तर वेग नव्वद पटच वाढायला हवा होता. तो वाढला सहा हजार पटींच्या वर.

अऱ्हेनियसचं समीकरण काय सांगतं?

शब्दांत लिहितो:

वेग स्थिरांक = पूर्वगुणक × ई चा घात [ − सक्रियण ऊर्जा ÷ (वायू स्थिरांक × केल्विन तापमान) ]

वेग स्थिरांक म्हणजे त्या तापमानाला अभिक्रिया किती जोरात चालते, ते सांगणारा आकडा. ‘ई’ म्हणजे नैसर्गिक लघुगणकाचा पाया, २.७१८. वायू स्थिरांक ८.३१४ ज्यूल प्रति केल्विन प्रति मोल. पूर्वगुणक म्हणजे ढोबळमानाने, योग्य दिशेने होणाऱ्या टकरींचं प्रमाण. घातात बसलेलं पद म्हणजे आपलं शेपूट: घाट ओलांडण्याइतकी ऊर्जा असलेल्या टकरींचा हिस्सा. तापमान घातात आहे आणि तेही छेदात, म्हणून त्यात जरासा बदल झाला तरी उत्तर उडी मारतं.

स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांनी हे १८८९ मध्ये, आम्लाच्या सान्निध्यात उसाच्या साखरेचं जे विघटन होतं त्याचा अभ्यास करताना मांडलं. साखरेचा हाच वेग विल्हेल्मी यांनी १८५० मध्येच मोजून ठेवला होता, आणि तापमानाचं सूत्र व्हान्ट हॉफ यांच्या ग्रंथात बीजरूपाने होतं. अऱ्हेनियस यांनी त्याला अर्थ दिला. त्यांचं म्हणणं असं, की भांड्यातली सगळी साखर अभिक्रियेला तयार नसते. काही थोडे रेणू ‘सक्रिय’ रूपात असतात, आणि तापमान वाढलं की त्या सक्रिय रेणूंचं प्रमाण वाढतं. टकरींचा सिद्धांत यायला अजून पंचवीसेक वर्षं होती, तरी अंदाज किती नेमका! त्यांना १९०३ चं नोबेल मिळालं ते मात्र या कामासाठी नव्हे, आयनांच्या सिद्धांतासाठी.

समीकरणाचा व्यवहारी उपयोग असा, की दोन्ही बाजूंचा लघुगणक घेतला की सरळ रेषा मिळते. उभ्या अक्षावर वेग स्थिरांकाचा लघुगणक, आडव्या अक्षावर तापमानाचा व्यस्त. रेषेच्या उतारावरून सक्रियण ऊर्जा थेट वाचता येते. चार-पाच तापमानांना वेग मोजला की झालं.

केल्विनच का? सेल्सिअस घातलं तर काय होतं?

उत्तर चुकतं, आणि चूक लपूनही राहते. सेल्सिअसचं शून्य हे पाणी गोठण्याचं शून्य आहे, ऊर्जेचं नव्हे. २० अंशांचं पाणी ४० अंशांवर नेलं म्हणजे तापमान ‘दुप्पट’ झालं, असं वाटतं. खरं तर ते २९३ वरून ३१३ झालं, म्हणजे सात टक्के वाढलं.

उष्णता आणि तापमान यांतलं कोणतं महत्त्वाचं?

वेगासाठी तापमान. कोमट पाण्याच्या मोठ्या टाकीत जळत्या काडीपेक्षा कितीतरी जास्त उष्णता साठलेली असते, पण टाकीत कागद पेटत नाही. काडीने पेटतो. रेणूंना एकूण साठ्याचं देणंघेणं नसतं, प्रत्येकाच्या वाट्याला किती आलं याचं असतं. उष्णतेचा साठा महत्त्वाचा ठरतो तो तापमान किती वेळ टिकेल, हे पाहताना.

उष्मादायी (म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी) अभिक्रिया तापवल्यावर मंदावते, असं वाचलं. मग?

तुम्ही जे वाचलंत ते बहुधा समतोलाबद्दल होतं, म्हणजे सुलटी आणि उलटी अभिक्रिया सारख्याच वेगाने चालू लागते त्या अवस्थेबद्दल. हा गोंधळ इतका सार्वत्रिक आहे की मी त्यासाठी वेगळा तास ठेवतो.

प्रश्न दोन आहेत. अभिक्रिया किती लवकर होणार, हा एक. ती कुठपर्यंत जाणार, हा दुसरा. वेग ठरवतो घाटाची उंची. पल्ला ठरवतो दोन्ही बाजूंच्या गावांच्या उंचीतला फरक. उष्मादायी अभिक्रियेतही घाट असतोच, त्यामुळे तापवल्यावर तीही वेगानेच होते. मात्र उलटी अभिक्रिया त्याहून जास्त वेगाने वाढते, कारण तिला खालच्या गावातून चढायचं असतं, तिचा घाट उंच. आणि उंच घाटावर तापमानाचा परिणाम तिखट, हे वर आलंच आहे. म्हणून समतोल मागे सरकतो. ल शातेलिए यांचं तत्त्व (समतोलावर बाहेरून बदल लादला, की तो बदल कमी होईल अशा बाजूला समतोल सरकतो) पाठ करण्यापेक्षा हे समजून घेणं सोपं आहे.

या ओढाताणीचं सर्वांत नावाजलेलं उदाहरण म्हणजे अमोनियाची हेबर पद्धत. नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्यापासून अमोनिया होताना उष्णता बाहेर पडते. पल्ल्याच्या दृष्टीने तापमान जितकं कमी तितकं बरं. पण नायट्रोजनचा तिहेरी बंध असा चिवट, की थंड ठेवलं तर समतोल कितीही अनुकूल असो, अमोनिया हाती लागतच नाही. गरम केलं तर भराभर होतो, पण थोडाच. तडजोड म्हणून ४०० ते ५०० अंश सेल्सिअस, वातावरणाच्या दीडशे-दोनशे पट दाब आणि लोहाचा उत्प्रेरक. उत्प्रेरक नसता तर याहून वर जावं लागलं असतं आणि उत्पादन आणखी घटलं असतं. १९१३ मध्ये जर्मनीत ओप्पाऊला पहिला कारखाना सुरू झाला. तेव्हापासून तपशील सुधारले, पण तापमानाची तडजोड काही सुटलेली नाही.

तापवल्यावर खरोखरच मंदावणारी एखादी अभिक्रिया आहे का?

आहे. नायट्रिक ऑक्साइड आणि ऑक्सिजन मिळून तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो. त्याचा वेग तापमान वाढवल्यावर कमी होतो. यात आधी नायट्रिक ऑक्साइडच्या दोन रेणूंची एक सैल जोडी जमते आणि मग ती ऑक्सिजनला भेटते. तापवलं की जोडीच टिकत नाही. प्रत्येक पायरी आपापल्या नियमाने चालते, पण एकूण हिशोबात सक्रियण ऊर्जा ऋण दिसते. विद्यार्थी हे ऐकून अस्वस्थ होतात. होऊ देत. मोजलेला एकूण वेग म्हणजे एकाच घाटाची गोष्ट नसते, हे यातून कळतं.

एन्झाइमांना हा नियम का लागू पडत नाही?

लागू पडतो, दोनदा पडतो. एन्झाइम म्हणजे सजीवांतला उत्प्रेरक. त्याने घडवलेल्या अभिक्रियेचा वेग तापमानासोबत वाढतो, इथवर सगळं नेहमीसारखं. पण एन्झाइम स्वतः प्रथिन आहे, आणि तापमान वाढलं की त्याची घडी उलगडते. हे उलगडणंही एक घाट ओलांडणंच आहे. फक्त हा घाट कितीतरी उंच, मोलमागे काहीशे किलोज्यूलचा. उंच घाट म्हणजे तिखट परिणाम. त्यामुळे कमी तापमानाला उलगडण्याचा वेग नगण्य असतो आणि ठरावीक अंशांनंतर तो एकदम सगळ्यांवर कुरघोडी करतो. आलेख हळूहळू चढतो आणि कड्यावरून पडल्यासारखा कोसळतो, त्याचं कारण हे. माणसाच्या शरीरातली बहुतेक एन्झाइमं ३७ अंशांच्या आसपास खूश असतात, आणि ताप चार-पाच अंशांनी चढला की डॉक्टर का धावपळ करतात, हेही त्यात आलं.

हा कडा सगळ्यांचा एकाच जागी नसतो. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या उन्हाळ्यांत, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांत, थर्मस ॲक्वाटिकस नावाचा जिवाणू सापडला. त्याचं डीएनएच्या प्रती बनवणारं एन्झाइम ७२ अंशांना निवांत काम करतं आणि ९५ अंशांचे चटकेही सोसतं. पीसीआर चाचणीमागचं यंत्र चालतं ते या सोसण्यावर.

फ्रिजमध्ये ठेवलं की बिघडणं थांबतं का?

थांबत नाही, लांबतं. ५० किलोज्यूलवाली अभिक्रिया २५ अंशांवरून ५ अंशांवर नेली, तर वेग चौथ्या हिश्शाच्या आसपास उरतो. दूध नासण्यात जिवाणूंची वाढही असते आणि ती थंडीला याहून जास्त वचकते, म्हणून दुधाला मिळणारी मुदत आणखी लांब. उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये जिवाणू जवळजवळ निपचित पडतात, पण चरबीचं हवेशी होणारं ऑक्सिडीकरण संथपणे चालूच राहतं. गोठवलेल्या पदार्थालाही खवट वास येतो तो यामुळे.

औषधांच्या खोक्यावर ‘३० अंशांखाली ठेवा’ असतं. एखादा दिवस जास्त झालं तर?

एखाद्या दिवसाने बहुतेक गोळ्यांचं फारसं काही बिघडत नाही. मात्र २ ते ८ अंशांत ठेवायच्या इन्सुलिनसारख्या औषधांबाबत असा धीटपणा करू नका, औषधविक्रेत्याला विचारा.

यामागचा हिशोब मला फार आवडतो. औषध कधी गरम जागी, कधी थंड जागी राहिलं, तर त्याला सरासरी किती तापमान ‘लागलं’ म्हणायचं? साधी सरासरी इथे फसवते, कारण गरम दिवसांत होणारं नुकसान थंड दिवसांत भरून निघत नाही. म्हणून औषधउद्योगात ‘सरासरी गतिज तापमान’ काढतात, तेही अऱ्हेनियसच्या समीकरणातून, आणि सक्रियण ऊर्जा मोलमागे ८३.१४४ किलोज्यूल धरून. हा विचित्र आकडा आला कुठून? त्याला वायू स्थिरांकाने भागा, बरोबर १०,००० केल्विन मिळतात. हिशोब सोपा व्हावा म्हणून केलेली ती सोय आहे. अर्धा काळ २० अंश आणि अर्धा काळ ३० अंश, तर साधी सरासरी २५ येते. या रीतीने येते २६.३.

मुदतीचा अंदाजही असाच बांधतात. औषध ४० अंशांना आणि ७५ टक्के आर्द्रतेला सहा महिने ठेवून बघतात. थंड जागी ज्याला वर्षं लागली असती, ते महिन्यांत दिसतं.

पाणी उकळत असताना आच वाढवली तर अन्न लवकर शिजतं का?

नाही. पाणी उकळू लागलं की तापमान तिथेच अडतं, जास्तीची आच नुसती वाफ करते. वेग हवा तर तापमान वाढायला हवं, आणि त्यासाठी दाब. प्रेशर कुकरमध्ये पाणी १२० अंशांच्या आसपास पोचतं, म्हणजे वीस अंशांची बढती. दुपटीचा नियम लावला तर वेळ चौथाईवर यायला हवा, आणि अनुभव साधारण तसाच आहे. एव्हरेस्टच्या माथ्यावर उलटी तऱ्हा. तिथे पाणी ७० अंशांच्या आसपासच उकळतं, त्यात अंडं शिजायला कितीतरी जास्त वेळ लागतो.

अभिक्रिया ‘हाताबाहेर जाते’ म्हणजे काय होतं?

माझ्या मते या यादीतला सगळ्यांत गंभीर प्रश्न हा, कारण इथे समीकरण माणसांच्या जिवावर उठतं.

उष्मादायी अभिक्रियेत तयार होणारी उष्णता वेगासोबत वाढते, म्हणजे तापमानासोबत घातांकाने वाढते. भांड्याच्या भिंतीतून बाहेर जाणारी उष्णता मात्र आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात, सरळ रेषेत वाढते. वक्र आणि सरळ रेषा यांच्या शर्यतीत एका मर्यादेनंतर रेषा हरतेच. मग तापमान वाढतं म्हणून वेग वाढतो, वेग वाढतो म्हणून तापमान वाढतं. हे गणित निकोलाय सेम्योनोव यांनी मांडलं. रासायनिक गतिशास्त्रातल्या कामासाठी १९५६ चं नोबेल त्यांना आणि सिरिल हिन्शेलवुड यांना मिळून मिळालं.

प्रयोगशाळेतल्या चंबूत सुरक्षित वाटलेली अभिक्रिया कारखान्यात का भडकते, हेही यातच आहे. भांडं प्रत्येक दिशेने दहापट मोठं केलं, तर आतला माल हजारपट होतो आणि थंड करणारा पृष्ठभाग शंभरपटच. मालाच्या मानाने थंडावा दहाव्या हिश्शावर येतो.

डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला मिथिल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरलं. त्या दोघांची अभिक्रिया उष्मादायी आहे. हा द्रव शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवण्यासाठी बसवलेली शीतकरण यंत्रणा कित्येक महिन्यांपासून बंद होती. थंड द्रवात ही अभिक्रिया रखडत सुरू झाली असती, सावध व्हायला वेळ मिळाला असता. कोमट द्रवात ती काही तासांत भडकली. मोबाइलमधली लिथियम-आयन बॅटरी फुगून पेट घेते, तेव्हा आत याच शर्यतीची छोटी आवृत्ती चालू असते.

तापमानाचा जवळजवळ परिणामच होत नाही, असं काही?

आम्ल आणि अल्कली यांचं उदासिनीकरण घ्या. तिथे घाट जवळपास नाहीच. आयन भेटले की काम झालं, वेग ठरतो तो पाण्यातून वाट काढत एकमेकांपर्यंत पोचण्यावर. दोन मुक्त मूलकं, म्हणजे जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन बाळगणारे रेणूंचे तुकडे, एकत्र येतात तेव्हाही तसंच. प्रकाशाने घडणाऱ्या अभिक्रियांत पहिली पायरी फोटॉनच पार करून देतो, त्या पायरीला गरम-थंडाचं सोयरसुतक नसतं. आणि किरणोत्सार विचाराल, तर ती रासायनिक अभिक्रियाच नव्हे, अणुकेंद्राची घडामोड आहे. किरणोत्सारी पदार्थ भट्टीत ठेवा नाहीतर बर्फात, अर्धायुष्य, म्हणजे निम्मा पदार्थ संपायला लागणारा काळ, तेवढंच.

तापमान निरपेक्ष शून्याकडे नेलं तर सगळं थांबेल का?

समीकरणाप्रमाणे हो, निसर्गाप्रमाणे नाही. फार थंडीत घाट चढणारं कुणी उरत नाही, पण हलके अणू, मुख्यतः हायड्रोजन, घाट न चढता आरपार निघून जातात. हा पुंज यांत्रिकीचा चमत्कार, त्याला बोगदा-परिणाम म्हणतात. १९७० च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञांनी घन फॉर्मल्डिहाइडवर प्रारणांचा मारा करून त्याची साखळी कशी वाढते ते मोजलं. काही केल्विनपर्यंत खाली गेल्यावर वेग घटायचा थांबला आणि तिथेच स्थिर राहिला. अऱ्हेनियसची सरळ रेषा तिथे आडवी होते.

हे स्वतः पाहायचं असेल तर?

सर्वांत सोपं म्हणजे चमकत्या कांड्या, त्या वाकवल्या की उजळतात. एक गरम पाण्यात ठेवा, एक बर्फाच्या पाण्यात. गरम कांडी झगझगीत पेटेल आणि लवकर विझेल, गार कांडी मिणमिणत राहील आणि बराच वेळ पुरेल. प्रकाश तेवढाच, खर्चण्याची घाई वेगळी.

आकडे हवे असतील तर सोडियम थायोसल्फेट आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्ल. चंबूखाली कागदावर फुली काढायची, द्रावणं मिसळायची, गंधकाने पाणी गढूळ होऊन फुली दिसेनाशी होईपर्यंतचा वेळ मोजायचा. वेळेचा व्यस्त म्हणजे वेगाचं माप. दोन्ही द्रावणं मिसळण्याआधी वेगवेगळी, एकाच तापमानाला आणून ठेवा. एकच गरम करून दुसरं गार ओतणं ही नेहमीची चूक, त्यात खरं तापमान कुणालाच कळत नाही. सल्फर डायऑक्साइड सुटतो, तेव्हा खिडक्या उघड्या हव्यात आणि ५० अंशांच्या वर जायचा मोह नको. दम्याचा त्रास असलेल्यांनी लांबच राहावं.

रातकिड्यांवरून तापमान कळतं, ही थाप आहे का?

थाप नाही. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ एमॉस डोल्बेअर यांनी १८९७ मध्ये त्याचं सूत्रच दिलं: मिनिटाला होणाऱ्या किरकिरींतून ४० वजा करा, ४ ने भागा, ५० मिळवा, आलं फॅरेनहाइट तापमान. कोणत्या जातीचा किडा, ते त्यांनी लिहिलं नाही. ते बहुधा झाडावरचे पांढुरके रातकिडे असावेत. कीटकाचं रक्त आपल्यासारखं एकाच तापमानाला राहत नाही, त्यामुळे बाहेरचा गारवा थेट स्नायूंतल्या रसायनांपर्यंत पोचतो.

या सूत्राप्रमाणे ६० फॅरेनहाइटला मिनिटाला ८० किरकिरी होतात, ७० ला १२०. हे दोन आकडे मी एकदा सहज अऱ्हेनियसच्या समीकरणात घातले. किड्याची ‘सक्रियण ऊर्जा’ मोलमागे सुमारे ५२ किलोज्यूल निघाली.